कॅमेऱ्यावरची वाटी

वत्सलाताई,

परवा खंडेनवमीला पूजेचं ताट आलं, झेंडूची फुलं आली, नारळ आला, आणि मशीनच्या कॅमेऱ्यावर वाटी कुणी ठेवायची म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. इतकी वर्षं ती तुम्ही ठेवत होतात. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झालेले, आणि तुमच्यावाचून आमचं पहिल्यांदा अडलं ते एका वाटीपाशी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भाऊ, वाटी ठेवायला बी डिप्लोमा लागतो का?"

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही. पण परवा जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते तुमचंच होतं. आणि त्याच्या आधीचंही सांगतो. तुम्हाला ते माझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत शेठजींच्या कारखान्यात लागलो तेव्हा खिशात डिप्लोमा होता आणि डोक्यात हवा. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसणारं कार्ड आपण करायचो. तीनातला एक फेज गेला की मोटार जळायच्या आत बंद करणारं. लांब टेबलाशी तुम्ही बारा जणी बसलेल्या असायच्या. प्रत्येकीचा भाग ठरलेला. शांता रेझिस्टर बसवायची, गोदावरी डायोड, आणि कार्ड हातोहात सरकत शेवटी तुमच्याकडे यायचं. तुम्ही टेंभुर्णीच्या, लग्न होऊन जालन्यात आलेल्या, शिक्षण सातवी. पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत एक डायोड बसवून दाखवला आणि तुम्ही कार्ड हातात धरून म्हणालात, "ह्याचं तोंड उलटं हाय, भाऊ." बारा जणी हसल्या. डोक्यातली हवा तेव्हाच थोडी उतरायला हवी होती.

मग मशीन आलं. दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यात राबून झालेलं, पण आमच्यासाठी नवंकोरं. एक मशीन नव्हतं, खरं तर तीन होती. पहिलं कार्डावर कथलाचा लगदा छापणारं, मधलं त्या लगद्यावर सुटे भाग उचलून ठेवणारं, आणि शेवटी लगदा वितळवून सगळं पक्कं करणारी भट्टी. भाग तर इतके बारीक की तिळाचा दाणा मोठा वाटावा. शेठजींनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "दसऱ्यापर्यंत लाइन चालली पाहिजे. न्हाई तर पुण्याहून शिकलेली पोरं आणतो, आणि टेबल बंद." टेबल बंद म्हणजे बारा जणींनी घरी बसायचं.  तुम्ही मशीनच्या काचेच्या झाकणाला नाक लावून आत बघत राहिलात.

दोन महिने आपण ते मशीन मांडलं. पुस्तक इंग्रजीतलं, मी वाचायचो आणि तुम्हाला सांगायचो. कार्डाच्या कोपऱ्यावर दोन गोल ठिपके असतात, मशीनचा वरचा कॅमेरा आधी ते शोधतो आणि त्यावरून कार्ड किती सरकलंय, किती तिरकं आहे ते ओळखतो. मग त्या कोपऱ्यापासून प्रत्येक भागाची जागा, आडवी किती आणि उभी किती, त्याला एकदा शिकवावी लागते. तुम्ही म्हणालात, "म्हंजे नव्या सुनेला घर दाखवल्यावानी. मीठ कुठं, डाळ कुठं." आणि निम्म्या जागा तुम्हीच शिकवल्यात. पडद्यावरची रेघ भागाच्या मध्यावर आणून थांबवायची, बटन दाबायचं. माझी रेघ केसभर इकडेतिकडे व्हायची. तुमची नाही.

पहिल्यांदा ते चाललं ती सकाळ मला पाठ आहे. पुढच्या बाजूला रिळं लावलेली, प्रत्येक रिळाच्या फितीला खळगे आणि एकेका खळग्यात एकेक भाग. डोकं आलं, बारीक नळीनं हवा ओढून एक दाणा उचलला, खालच्या कॅमेऱ्यावर क्षणभर थांबलं, कॅमेऱ्यानं दाण्याचं पोट बघितलं, तिरका होता म्हणून डोक्यानं त्याला हवेतच सरळ केलं, आणि नेमक्या जागी ठेवून दिला. तोवर फीत एक खळगा पुढं सरकली होती. दुसरा उचलला. तिसरा. टिक, टिक, टिक.  मी स्वतः ते मांडलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. माणसानं असलं काही करावं आणि ते आमच्या जालन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये चालावं, याचं नवल आजही सरत नाही.

तुम्ही हळूच म्हणालात, "ह्ये तं चाड्यावर मूठ धरून राह्यलं."

मला कळलं नाही, म्हणून तुम्ही सांगितलंत. लहानपणी तुम्ही टेंभुर्णीला पेरणीला जायच्या. तिफणीवर लाकडी चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडायचं, बैल चालतील तसं. मूठ घट्ट झाली तर तास, म्हणजे पेरलेली ओळ, मोकळा राहतो, सैल झाली तर दाटी होते, आणि आठ दिवसांनी सगळ्या गावाला दिसतं की कुणाची मूठ चुकली. "ह्याची मूठ बिलकुल चुकत न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या आवाजात हेवा नव्हता. एका पेरणाऱ्या बाईनं दुसरीची मूठ नावाजावी तसं तुम्ही ते म्हणालात. ज्या मशीनमुळे तुमची नोकरी जायची वेळ आली होती, त्याचं असं कौतुक करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

नंतर ती तारेची भानगड. तिन्ही मशीन एकमेकांना जोडायची होती. मागचं मशीन तारेतून सांगतं, माझ्याकडे कार्ड तयार आहे. पुढचं दुसऱ्या तारेतून सांगतं, माझी जागा मोकळी आहे. दोन्ही निरोप जुळले की पट्टा फिरतो आणि कार्ड पुढं जातं. मी तारा जोडल्या, बटन दाबलं, आणि काहीच नाही. दोन दिवस मी पुस्तक उलटंपालटं केलं. तुम्ही दोन्ही मशीनवरचे दिवे बघत बसला होतात. म्हणालात, "भाऊ, ह्या दोघीबी 'आधी तू, आधी तू' करून राह्यल्या." खरंच तसं होतं. माझ्या तारांची अदलाबदल झाली होती, एकीचा निरोप दुसरीच्या कानात जातच नव्हता. तारा बदलल्या आणि कार्ड सुळकन पुढं गेलं.

इतर जणींना ते समजावताना तुम्ही रोजगार हमीच्या कामावरचं घमेलं आठवलंत. माणसांची रांग लागलेली असते, मातीचं घमेलं हातोहात जातं. पुढच्याचा हात रिकामा झाल्याशिवाय आपण घमेलं सोडायचं नाही, न्हाई तर त्याच्या पायावर पडतं. "बस, एवढंच हाय ह्या तारेत," तुम्ही म्हणालात. पुस्तकात त्याला चौदा पानं लागली होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूर्ण लॉट निघाला. एक कार्ड वाया नाही. शेठजी खूश. दसऱ्यानंतर लाइनचा इनचार्ज ठरवायचा होता, आणि मी तुमचं नाव सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. आता यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं म्हणायला मला तोंड नाही.

खंडेनवमीला पूजा झाली. तुमच्या बौद्ध घरात हळदकुंकू नाही, म्हणून तुम्ही भट्टीपाशी मागे उभ्या होतात. आम्ही सगळे पुढं. मी उत्साहात प्रत्येक मशीनला टिळा लावत गेलो. मधल्या मशीनचं झाकण उघडून आत वाकलो, तर खालच्या कॅमेऱ्याची काच, भोवती दिव्यांचं कडं, अगदी डोळ्यासारखी दिसली. मला वाटलं, याहून चांगली जागा कुठली. बोटभर ओलं कुंकू लावलं आणि हात जोडले. असली चूक पुण्याच्या शिकलेल्या पोरांच्या हातून झाली नसती. त्यांच्या पुस्तकात काचा पुसायला सांगितलंय, आणि त्यांनी ते वाचलं असतं.

मशीन चालू केलं. डोकं आलं, दाणा उचलला, कॅमेऱ्यावर थांबलं आणि दाणा कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. दुसरा उचलला, टाकला. तिसरा, टाकला. एकही भाग त्याला ओळखू येईना. मी दिव्याचा उजेड कमीजास्त केला, नळ्या बदलल्या, जागा पुन्हा शिकवल्या. तुम्ही तीनदा जवळ आलात. "भाऊ, एक सांगू का?" आणि तीनदा मी म्हणालो, "ताई, आत्ता नको." नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून मशीन विकणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, कॅमेऱ्याचंच कार्ड गेलं असणार, परदेशातून मागवावं लागेल. परत आलो तेव्हा शेठजी शेडच्या दारात उभे होते. "बायकांच्या हाती दिल्यावर दुसरं काय व्हणार," असं म्हणून ते ऑफिसात गेले. बाकीच्या जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. शांता रडत होती.

तुम्ही चौथ्यांदा आलात आणि या वेळी विचारलं नाहीत. "सकाळपासून तुम्ही टीव्हीत पाहून राह्यले. एकदा काचेत पाहा की."

मी वाकून काचेत पाहिलं. लालभडक टिळा, माझ्याच बोटाचा. तुम्ही मागे उभ्या होतात म्हणून कुणाचा हात कुठं गेला ते तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही कापूस स्पिरिटमध्ये बुडवला, तीन वेळा हलकेच फिरवला, आणि मशीन पहिल्यासारखं चाललं.

टिक, टिक ऐकून शेठजी पळतच आले. "काय झाल्तं?"

मी म्हणालो, "सेटिंग हललं होतं. केलं बराबर."

"कुणी हलवलं? ह्या बायकांनी बटनं दाबली असतील. आजपासून पडद्याला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई. कुलूप घाल त्याला."

आणि मी म्हणालो, "हो."

माझ्या आयुष्यात मी जेवढं वाईट वागलोय, ते सगळं त्या एका 'हो'त मावतं. तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होतात, हातात तो लाल झालेला कापूस. तुम्ही तो मुठीत घेतलात आणि मूठ पदराखाली गेली. लाइन दसऱ्याच्या आत चालली म्हणून बारा जणींतल्या कुणाचीही नोकरी गेली नाही, एवढं खरं. रिळं लावणं, कार्डं तपासणं तुमच्याकडे राहिलं. पण ज्या पडद्यावर तुम्ही निम्म्या जागा शिकवल्या होत्या, त्याला मी पासवर्डाचं कुलूप घातलं, आणि हात लावायची तुम्हालाच बंदी झाली. इनचार्ज मी झालो. पेढे वाटले, तुम्हीही घेतलात.

पुढच्या खंडेनवमीला तुम्ही डब्यातली वाटी घेऊन आलात आणि पूजेच्या आधी काचेवर पालथी घातलीत. शेठजींनी विचारलं तेव्हा म्हणालात, "धूळ बसू न्हाई म्हणून." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मला वाटलं होतं टोमणा मारताय. पण तुम्ही खरोखर काच झाकत होतात. दरवर्षी झाकत राहिलात.

मग निळी तार आली. ऑफिसातला संगणक आणि शेडमधली मशीन एका जाळ्यात जोडली. फ्लॉपी घेऊन पळायचं संपलं. कुठल्या कार्डाला कुठला भाग, कुठल्या खाचेत कुठलं रीळ, सगळं तारेतून मशीनपर्यंत जायचं. रिळावरची पट्टी वाचायचं यंत्र आलं. चुकीचं रीळ लावलं तर मशीन जागचं हलायचं नाही. सगळ्या तारा जिथं जुळतात त्या डबीवरचे हिरवे दिवे लुकलुकताना तुम्ही किती वेळ बघत होतात! "आता ह्या सगळ्याजणी एकमेकीला बोलून राह्यल्या," तुम्ही म्हणालात. "केवढं बोलतात, अन् आवाज न्हाई." तुमचे डोळे तेव्हा चकाकत होते. पडद्याकडे मात्र तुम्ही पाठ करून उभ्या होतात, शेठजी शेडमध्ये होते म्हणून.

वडील आजारी पडले आणि मी आठ दिवस जाफराबादला होतो. नव्या कार्डाचे कागद माझ्याकडे आधीच आले होते, आणि नेमकं तेव्हाच त्याचं काम निघालं, घाईचं. मला निरोप आला तेव्हा वडिलांना सोडून निघणं शक्यच नव्हतं. परत आलो तर शेडमध्ये टिक, टिक चालू. नवं कार्ड, ऐंशी जागा, सगळ्या शिकवलेल्या, एकही केसभर हललेली नाही. पडद्यावर खाचांची यादी उघडली तर प्रत्येक खाचेपुढं इंग्रजी अक्षरांत एकेक नाव टाइप केलेलं. शांता, गोदावरी, कौसल्या. पूर्वी टेबलाशी जो भाग जी बाई बसवायची, त्या भागाच्या खाचेला तिचं नाव. मी मशीनसमोर उभा राहून ती बारा नावं वाचली. 

"ताई, पासवर्ड कसा कळला?"

"तुम्ही दुसरं काय ठेवणार व्हते?"

मी पासवर्ड 'कुंकू' ठेवला होता. तुम्हाला तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, आणि एवढ्या वर्षांत तुम्ही तो फक्त त्या आठ दिवसांत वापरलात.

शेठजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "घरी एवढी अडचण, तरी तयारी करून गेल्ता. शाबास." मी तेव्हाही गप्प राहिलो. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा मला सवय झाली होती.

त्या दुपारी गेटच्या पायरीवर तुम्ही भाकरी मोडत होतात. मी न राहवून विचारलं, "ताई, त्या खंडेनवमीला तुम्ही शेठजींना का नाही सांगितलं?"

"ते माझ्याजवळचं न्हाई, भाऊ. तुमच्या हातातलं घमेलं मी कसं पुढं देऊ?"

"पण नुकसान तुमचं झालं."

"झालं की."

मी चिडलो. म्हणालो, तुम्ही बोलायला पाहिजे होतं, एक शब्द बोलला असतात तर मी सुटलो असतो. तुम्ही म्हणालात, "मंग आता सुटा." आणि मला लोणचं दिलंत. ते भांडण तिथंच राहिलं. मी ठरवत राहिलो, या दसऱ्याला सांगू, पुढच्या दसऱ्याला सांगू. तुम्ही ऐकायला असाल हे मी धरूनच चाललो होतो.

तर परवाचं.

गोदावरीनं तुमच्या खणातून वाटी काढून आणली आणि माझ्यापुढं धरली. मी ती काचेवर पालथी घातली. शेठजी आता थकलेत, खुर्चीवर बसून पूजा बघतात. त्यांनी सहज विचारलं, "ही वाटी दरवर्षी काहून ठेवता रे? धूळ तं इथं कुठंच दिसत न्हाई."

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, ताट हातात घेऊन. टिळा मी लावला होता. शोधला वत्सलाताईंनी. बटन कुणीही दाबलं नव्हतं. आठ दिवसांत नवं कार्ड उभं केलं तेही ताईंनी, मी जाताना काहीही करून गेलो नव्हतो. 

 शेठजी म्हणाले, "तेव्हाच काहून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

"अन् आता?"

 गोदावरी मागून म्हणाली, "भाऊ, आम्हाला समद्यांना ठाऊक व्हतं. त्या दिवशीच. शांता सांगायला निघाल्ती. ताईनं हात धरला. म्हणली, त्याच्या हातातलं हाय, तो देईल. थांबा."

तुम्ही सगळ्याजणी इतकी वर्षं थांबला होतात. मी रोज तुमच्यामधून हिंडत होतो, हुकूम सोडत होतो, आणि तुम्ही बारा जणी मी बोलायची वाट बघत होतात.

शेठजी म्हणाले, "कुलूप काढ ते."

मी पडद्यावर पासवर्ड टाकला, शेवटच्यांदा, आणि काढून टाकला. मग गोदावरीला विचारलं, "तुला शिकायचंय का?" ती हसली. स्टूल ओढून पडद्यासमोर बसली, नवं कार्ड उघडलं, आणि रेघ पहिल्या भागाच्या मध्यावर नेऊन थांबवली. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. तुम्ही तिला हे केव्हा शिकवलंत ताई? कुठं? जेवणाच्या सुट्टीत, भाकरीवर बोटानं?

तिनं वाटी उचलली, पदरानं पुसून मला दिली, आणि हिरवं बटन दाबलं. डोकं आलं, दाणा उचलला, काचेवर थांबलं, सरळ केला, ठेवला. मी वाटी तुमच्या खणात ठेवून आलो आणि बाजूला उभा राहिलो. माझे हात रिकामे होते, ताई.